रुळांच्या दोन अंगांचं पार्लं

विलेपार्ले स्टेशनच्या पूर्वेला दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह आणि पश्चिमेला भाईदास सभागृह. रविवारी दुपारी पूर्वेकडे मराठी नाटकाची तिसरी घंटा व्हायची, पश्चिमेकडे गुजराती नाटकाची. दोहोंच्या मधे पश्चिम रेल्वेचे रूळ. सगळी हयात दीनानाथला नाटकं बघण्यात गेली, पण भाईदासची पायरी कधी चढलो नाही, असं सांगणारे पार्लेकर शोधावे लागत नाहीत. उलट बाजूलाही तीच कथा. पोस्टानेसुद्धा हा भेद मान्य केला आहे. पूर्वेचा पिनकोड ४०० ०५७, पश्चिमेचा ४०० ०५६.

पार्ल्याचं कौतुक बहुतेक वेळा पूर्वेकडच्यांनी लिहिलं आणि ते पूर्वेपुरतंच लिहिलं. साहित्य, संगीत, नाटक, मेरिट लिस्ट, दिवाळी अंक आणि आम्ही. हे खोटं नाही, पण अर्धं आहे. रुळांच्या दोन्ही अंगांना दोन समाज आले. दोघांनी आपापल्या वर्गणीतून आधी शाळा काढली, शाळेतून कॉलेज काढलं, आणि या शाळा-कॉलेजांच्या भोवती उपनगर वाढलं. दोघांची गोष्ट इतकी सारखी आहे, की एकमेकांकडे पाठ करून त्यांनी एकच काम केलं असं म्हणायला हरकत नाही.

आणि या दोघांच्याही आधी इथे गाव होतं. साष्टी बेटावरची भातशेती, ताडामाडाच्या वाड्या, पलीकडे जुहूची वाळू आणि कोळीवाडा. पोर्तुगीजांनी इथल्या शेतकरी, कोळी, भंडारी कुटुंबांपैकी बऱ्याच जणांना ख्रिस्ती केलं. १७३७ ते १७३९च्या मोहिमेत चिमाजीअप्पांच्या फौजांनी साष्टी आणि वसई घेतली, आणि १७७४च्या अखेरीस साष्टी इंग्रजांनी घेतली. राज्यं बदलली तरी गावठाणातले क्रूस जागेवर राहिले. पुढे इंग्रजांच्या नोकऱ्यांसाठी बाहेरून येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख वेगळी ठेवावी म्हणून १८८७मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, या स्थानिक ख्रिस्ती समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. त्यांची घरगुती बोली मराठीचीच. पार्ल्याच्या मराठीपणावरच्या लेखांत मात्र त्यांना सहसा एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही.

रेल्वे आली तरी गाव लगेच बदललं नाही. १८६७मध्ये विरारहून मुंबईपर्यंत दिवसाला एक गाडी सुरू झाली. ती पार्ल्याच्या शेतांमधून जायची, पण इथे थांबायचं तिला काही कारण नव्हतं. कारण दिलं ते प्लेगाने. १८९६मध्ये मांडवी बंदराच्या वस्तीत प्लेग सुरू झाला, आणि दाट चाळींतून राहणाऱ्या माणसांना पहिल्यांदाच मोकळ्या हवेची किंमत कळली. ज्यांच्या खिशात थोडे पैसे होते, त्यांनी वांद्र्याच्या पुढे साष्टीत बंगल्या बांधायला सुरुवात केली. पार्ल्याला स्टेशन मिळालं ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात.

सरकारनेही या सुमारास हालचाल केली. १९१५मध्ये मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. शेताचे वेडेवाकडे तुकडे एकत्र करायचे, रस्ते काढायचे आणि उरलेल्या जमिनीचे चौकोनी प्लॉट मूळ मालकांना परत द्यायचे, अशी ती पद्धत. पार्ल्याच्या जुन्या इमारतींच्या कागदपत्रांत आजही गटनंबराबरोबर ‘टीपीएस’ ही अक्षरं दिसतात, ती या ‘टाउन प्लॅनिंग स्कीम’ची. पूर्वेच्या गल्ल्या एकमेकींना काटकोनात कापत जातात, तो काही योगायोग नाही. १९२०च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा निघाला. पार्ले-अंधेरीची नगरपालिका स्वतःची होती. म्हणजे सुरुवातीचा पार्लेकर मुंबईत नोकरी करत असला तरी मुंबईकर नव्हता. त्याचा दिवाबत्तीचा आणि पाण्याचा हिशेब वेगळा होता.

पूर्वेला आले ते बहुतांशी गिरगावातले मराठी नोकरदार. सरकारी कचेऱ्या, बँका, रेल्वे, वकिली, मास्तरकी. बिऱ्हाड मोठं झालं, चाळीतल्या दोन खोल्या अपुऱ्या पडू लागल्या, आणि गाडीने तासाभराच्या आत कचेरी गाठता येते हे ध्यानात आलं. पण एक अडचण होती. मुलांना शिकवायचं कुठे? रोज गाडीने गिरगावात पाठवायचं तर मग इथे येऊन उपयोग काय?

१ ऑगस्ट १९२० रोजी सरदारगृहात लोकमान्य टिळक गेले. पुढच्याच वर्षी, १९२१च्या जूनमध्ये, पार्ल्यात टिळकांच्या नावाची शाळा उभी राहिली, आणि १९२३मध्ये लोकमान्य सेवा संघ. गावोगावी टिळकांचे पुतळे झाले, चौक झाले, सभागृहं झाली. पार्लेकरांनी शाळा आणि संघ काढले, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच झालं. शाळा मुलांसाठी आणि संघ थोरांसाठी. व्याख्यानं, वाचनालय, गणेशोत्सव, पुढे नाट्यशाखा, ज्येष्ठांचे उपक्रम. पार्ल्याची संध्याकाळ कुठे जायची याचा प्रश्न संघाने कित्येक पिढ्यांपुरता सोडवून टाकला.

या दोन संस्थांनी घडवलेल्या पार्लेकरांत सर्वांत गाजलेलं नाव पु. ल. देशपांडे यांचं. जन्म १९१९चा, गावदेवीतला, बालपण जोगेश्वरीला आणि मग पार्ल्यात. शाळा अर्थातच पार्ले टिळक. पुढे ते पुण्याला राहायला गेले तरी पार्ल्याने त्यांना सोडलं नाही. लोकमान्य सेवा संघाच्या सभागृहाला त्यांचं नाव आहे. पण फक्त ‘पुलंचं पार्लं’ म्हणण्यात एक गफलत होते. याच पूर्व पार्ल्यात विजय तेंडुलकरही राहत होते. मध्यमवर्गाला हसवणारा एक आणि त्याच मध्यमवर्गाच्या घरातली हिंसा रंगमंचावर मांडणारा दुसरा, दोघांचा पत्ता एकाच उपनगराचा. उत्सव मात्र पहिल्याचेच जास्त होतात.

५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली. कोळशाचा धूर गेला, फेऱ्या वाढल्या आणि पार्ले मुंबईच्या आणखी जवळ आलं. पुढच्याच वर्षी पूर्वेला, रेल्वेच्या फाटकाजवळ, मोहनलाल दयाल चौहान यांनी एक जुना कारखाना घेऊन गोळ्या-चॉकलेट बनवायला सुरुवात केली. चौहान मूळचे वलसाडकडचे, कपड्यांच्या व्यवसायातले. आपल्या कंपनीला त्यांनी ना कुटुंबाचं नाव दिलं ना देवाचं. ज्या गावात कारखाना, त्याचंच नाव त्यांनी घेतलं. बिस्किटं आली १९३९च्या सुमारास, ऐन दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर. तोवर बिस्किट ही विलायती चीज होती, साहेबाच्या चहाबरोबरची. पार्ल्याच्या ग्लुको बिस्किटाने ती गाडीच्या डब्यात, दवाखान्यात आणि चहाच्या टपरीवर आणून ठेवली. बाजारात ग्लुकोज बिस्किटांची नक्कल फार होऊ लागली तेव्हा १९८०च्या दशकात त्याचं नाव ‘पार्ले-जी’ झालं.

कंपनीचा पत्ता वाचण्यासारखा आहे: नॉर्थ लेव्हल क्रॉसिंग, वि. स. खांडेकर मार्ग, विलेपार्ले पूर्व. गुजराती उद्योजकाचा कारखाना, रस्त्याला मराठी कादंबरीकाराचं नाव आणि खूण रेल्वेच्या फाटकाची. पूर्वेची सारी कहाणी या एका ओळीत मावते. गाडी पार्ल्याजवळ आली की डब्यात गोड, भाजलेला वास शिरायचा आणि डुलक्या घेणारे उतारू त्या वासाने स्टेशन ओळखून जागे व्हायचे, ही आठवण पश्चिम रेल्वेच्या जुन्या प्रवाशांकडून हमखास ऐकायला मिळते.

याच घराण्याच्या भावंडांत पुढे वाटण्या झाल्या आणि पार्ले हे नाव बिस्किटांबरोबर बाटल्यांवरही गेलं. गोल्ड स्पॉट, लिम्का आणि कोका-कोलाने भारत सोडल्यावर १९७७मध्ये आलेलं थम्स अप. ही पेयं १९९३मध्ये पुन्हा कोका-कोलानेच विकत घेतली. फ्रूटी वेगळ्या शाखेची. म्हणजे बाहेरच्या जगाने जे पार्लं पाहिलं ते पुड्यावर आणि बाटलीवर, आणि पार्लेकरांना स्वतःची ओळख वाटत होती ती ग्रंथालयात आणि नाट्यगृहात. कारखान्यातला कामगार यांपैकी कुठल्याच चित्रात नसतो.

आता रूळ ओलांडून पश्चिमेला.

इकडे घोडबंदर रोड, म्हणजे आजचा स्वामी विवेकानंद रोड, आणि त्याच्या पलीकडे इर्ला, मग जुहू. या बाजूला काळबादेवी, भुलेश्वर, मुळजी जेठा मार्केटकडचे गुजराती व्यापारी आले. जुहू तेव्हा धनिकांच्या समुद्रकाठच्या बंगल्यांचं ठिकाण होतं. १९२४च्या जानेवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन केलं. तुरुंगातून सुटका झाल्यावर गांधीजी विश्रांतीला आले ते जुहूला.

सहा वर्षांनी पार्ल्याचं नाव देशभर गेलं. १९३०च्या एप्रिलमध्ये दांडीला मीठ उचललं गेलं आणि मुंबई उपनगरातल्या सत्याग्रहाचं ठाणं झालं विलेपार्ल्याची छावणी. जमनालाल बजाज, किशोरलाल मशरूवाला, के. एफ. नरिमन ही तिथली पुढारी मंडळी. जवळच्या किनाऱ्यावरून खारं पाणी आणायचं, मीठ पाडायचं, ते विकायचं आणि अटक करून घ्यायची. बजाज आणि मशरूवाला पहिल्याच दिवसांत तुरुंगात गेले, तरी छावणी चालू राहिली. दारूच्या दुकानांवर निदर्शनं झाली, परदेशी कापडावर बहिष्कार झाला. एरवी एकमेकांच्या नाटकांना न जाणाऱ्या दोन्ही बाजू या छावणीत मात्र एकत्र होत्या. टिळकांच्या नावाची पूर्व आणि गांधींच्या मागे गेलेली पश्चिम यांची एवढी मोठी गाठ पुन्हा क्वचितच पडली.

१९३४मध्ये पश्चिमेला श्री विलेपार्ले केळवणी मंडळ स्थापन झालं. केळवणी म्हणजे शिक्षण. पार्ले टिळक विद्यालयाच्या तेरा वर्षं मागे असलं तरी मंडळाने हा अनुशेष भरभर भरून काढला. स्वातंत्र्यानंतर मुंबईची लोकसंख्या फुगली, एप्रिल १९५०मध्ये महापालिकेची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत वाढली आणि पार्ले बृहन्मुंबईत आलं. नगरपालिका गेली. मग दोन्ही बाजूंना कॉलेजांची चढाओढ लागल्यासारखं झालं. पूर्वेला १९५९मध्ये पार्ले कॉलेज निघालं, तेच आजचं साठ्ये महाविद्यालय, आणि त्याच दीक्षित रोडवर १९६०मध्ये म. ल. डहाणूकर वाणिज्य महाविद्यालय. पश्चिमेला १९६१मध्ये मिठीबाई, १९६४मध्ये नरसी मोनजी वाणिज्य महाविद्यालय. पाच-सहा वर्षांत एका स्टेशनाला चार कॉलेजं मिळाली. आधी चर्चगेटच्या गाडीला लोंबकळणारी मुलं आता पार्ल्यातच शिकू लागली, आणि उलट अंधेरी, बोरिवली, विरारकडची मुलं पार्ल्याला उतरू लागली.

इथून पुढे दोन वाटा वेगळ्या झाल्या. केळवणी मंडळाने १९८१मध्ये व्यवस्थापनशास्त्राची संस्था काढली, १९९४मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय. आज त्या परिसरात देशभरातली मुलं येतात, आसपासच्या गल्ल्यांत पेइंग गेस्टच्या पाट्या लागलेल्या असतात आणि कॉलेजबाहेरच्या डोशाच्या गाड्यांवर मध्यरात्रीही गर्दी असते. पूर्वेच्या संस्थेने इतकी मोठी झेप घेतली नाही. तिचा लौकिक शाळेचा राहिला. शालान्त परीक्षेची गुणवत्ता यादी लागत असे त्या काळात यादीत पार्ले टिळकची मुलं किती, हा विषय पूर्व पार्ल्यात क्रिकेटच्या स्कोअरइतक्या गांभीर्याने चर्चिला जाई. यादी बंद झाली आणि चर्चेचा एक मोठा वार्षिक हंगाम बुडाला. तिथल्या एखाद्या आजोबांना अजून त्याची हळहळ वाटत असली तर नवल नाही.

या फरकाला कारण भाषेपेक्षा पैशाचं आहे. गुजराती संस्थेमागे व्यापाऱ्यांचे ट्रस्ट होते. मिठीबाई, नरसी मोनजी, भाईदास ही सगळी देणगीदार घराण्यांतली नावं. मराठी संस्थेमागे पगारदार होते. महिन्याच्या पगारातून वर्गणी काढणारा माणूस शाळा चालवू शकतो, विद्यापीठ उभं करू शकत नाही. साठ्ये आणि डहाणूकर ही नावं मराठी उद्योजक घराण्यांची, पण अशी घराणी मोजकीच. पार्ल्याच्या पूर्वेला संस्कृतीचा अभिमान जितका मोठा, तितका भांडवलाचा हात आखडता, हे मान्य करायला तिथे कुणी फारसं तयार नसतं.

खरेदीचीही दोन पार्लीच. पूर्वेला स्टेशनातून बाहेर पडलं की काही पावलांत भाजी, फुलं, फळं, केळीची पानं आणि मेतकूट-भाजणी-मोदकपिठाची पाकिटं लावलेली दुकानं. श्रावण ते दिवाळी हा इथला खरा मोसम. गणपतीच्या आदल्या दिवशी या गल्लीतून चालता येत नाही. दूर्वांच्या जुड्या, पत्री, कमळं, केवड्याची पानं. विकणाऱ्या बायका पालघर-डहाणूकडून पहाटेच्या गाडीने आलेल्या. दिवाळीत घरगुती फराळाची ऑर्डर देणं इथे कमीपणाचं राहिलेलं नाही. कधीकाळी चकली स्वतः न करणाऱ्या घराची गल्लीत कुजबुज होत असे. मासे खाणाऱ्यांसाठी हनुमान रोडला मालवणी जेवणाचं ‘गजाली’ आहे. त्याच्या शाखा पुढे इतरत्र गेल्या, पण मूळ इथलं.

पश्चिमेच्या इर्ल्याचा नूर निराळा. परदेशी वस्तू मिळणं दुरापास्त होतं त्या काळात अत्तरं, साबण, चॉकलेट, कॅसेट प्लेअर, कॅमेरे घ्यायला लोक इर्ल्याला यायचे. ‘अल्फा’ हे दुकान त्यासाठी नावाजलेलं. एकाच छपराखाली इतकं सामान, आणि काउंटरवर हातात पावती घेऊन उभी असलेली गर्दी. आता तेच सामान फोनवर मागवता येतं, तरी लग्नसराईत इर्ल्याची गर्दी ओसरत नाही. पूर्वेची बाई परदेशी पर्फ्यूमसाठी पूल ओलांडून जाई आणि पश्चिमेचं कुटुंब रविवारी पूर्वेच्या भाजीबाजारात येई. नाट्यगृहांनी जे जमवलं नाही ते बाजारांनी थोडंफार जमवलं. दोन्ही बाजू जोडणारा कॅप्टन विनायक गोरे पूल या येण्याजाण्याला उपयोगी पडतो.

पार्ल्याची लोकसंख्या किती, याचं सरळ उत्तर जनगणनेत सापडत नाही. महापालिकेचे विभाग अंधेरीच्या हिशेबाने पाडलेले आहेत. २०११मध्ये पार्ले पूर्व, अंधेरी पूर्व आणि जोगेश्वरी पूर्व मिळून होणाऱ्या ‘के पूर्व’ विभागात ८,२३,८८५ माणसं होती आणि पश्चिमेच्या ‘के पश्चिम’मध्ये ७,४८,६८८. त्याच जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत ३३ लाखांवरून ३१ लाखांखाली आली होती, तर उपनगर जिल्हा ९३ लाखांच्या पुढे गेला होता. उपनगर हा शब्द सरकारी कागदावरच उरला आहे. मुंबईतली बहुसंख्य माणसं आता उपनगरातच राहतात.

या लाखांमधले सगळे काही नाटकवेडे नोकरदार किंवा कापडाचे व्यापारी नाहीत. पूर्वेच्या टोकाला विमानतळाच्या भिंतीला लागून दाट वस्त्या आहेत. हवाई वाहतूक आधी जुहूला होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन पहिलं विमान उतरवलं ते जुहूच्या धावपट्टीवर. पावसाळ्यात ती पट्टी कामाची नसे. स्वातंत्र्यानंतर नागरी विमानं पूर्वेला गेली. नाव सांताक्रूझ विमानतळ, पण देशांतर्गत उड्डाणांचं जुनं टर्मिनल पार्ले पूर्वच्या हद्दीला. विमानतळ वाढत गेला तशी आसपासची गावठाणं आक्रसली आणि बांधकामावर, सामानाच्या हमालीवर, साफसफाईवर आलेली माणसं त्याच्या कडेला वसली. त्यांच्या घरकुलांचा प्रश्न दर निवडणुकीत निघतो.

निवडणुकीचं म्हणाल तर पार्ल्याने देशाच्या कायद्यात एक खटला दिला आहे. डिसेंबर १९८७मधल्या विलेपार्ले विधानसभा पोटनिवडणुकीत शिवसेनेच्या पाठिंब्याने डॉ. रमेश प्रभू निवडून आले. काँग्रेसचे प्रभाकर कुंटे पराभूत झाले आणि प्रचारात धर्माच्या नावावर मतं मागितल्याची तक्रार घेऊन कोर्टात गेले. उच्च न्यायालयाने १९८९मध्ये निवडणूक रद्द केली. डिसेंबर १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करणं कायम ठेवलं. मात्र हिंदुत्व या शब्दाचा अर्थ संकुचित धर्मापुरता घेता येणार नाही असं निरीक्षण त्याच सुमारास नोंदवलं, आणि देशभर चर्चा झाली ती या निरीक्षणाची. गंमत म्हणजे प्रभू खटला हरले होते, हे त्या चर्चेत अनेकांच्या लक्षातच राहिलं नाही. संयमी आणि सुसंस्कृत म्हणून मिरवणाऱ्या पार्ल्याला ही आपली देणगी सांगायला थोडं अवघड जातं.

२०१६मध्ये फाटकाजवळचा बिस्किटांचा कारखाना बंद झाला. उत्पादन केव्हाच इतर राज्यांतल्या मोठ्या कारखान्यांकडे सरकलं होतं. शहराच्या मध्यभागी, सोन्याच्या भावाच्या जमिनीवर भट्ट्या चालवणं परवडत नव्हतं. कंपनीचं कार्यालय राहिलं, वास गेला.

त्याच जमिनीच्या भावाने पूर्वेच्या गल्ल्याही बदलल्या आहेत. पन्नास-साठच्या दशकातल्या तीन मजली सोसायट्या पाडून मनोरे उठत आहेत, तेही सगळीकडे नाही. धावपट्टीच्या रेषेत येणाऱ्या, ‘फनेल झोन’ म्हणतात त्या पट्ट्यात उंचीवर बंधन असल्यामुळे बिल्डरला वाढीव मजले मिळत नाहीत आणि पुनर्विकासाचं गणित जमत नाही. म्हणून एकाच रस्त्यावर एका सोसायटीतल्या मंडळींना नव्या मनोऱ्यात प्रशस्त घर मिळतं, आणि पुढच्या इमारतीतली मंडळी गळक्या गच्चीवर दरवर्षी डांबर ओततात. २०२४च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रोचं स्टेशनही जुन्या टर्मिनलशी आलं आहे. घरांच्या जाहिरातींत त्याचा उल्लेख शाळेच्या आधी येतो.

पार्ले टिळक विद्यालयाला २०२१च्या जूनमध्ये शंभर वर्षं झाली. करोनामुळे मुंबईतल्या शाळा तेव्हा बंद होत्या. वर्ग भरायला ऑक्टोबर उजाडला, तोही फक्त आठवीपासून पुढे. मूळ मराठी माध्यमाची शाळा आजही चालू आहे, आणि मुंबईत मराठी शाळांची जी गळती लागली आहे ती पाहता हे थोडं नाही. पण संस्थेने इंग्रजी माध्यमाची शाळा केव्हाच काढली आणि आयसीएसई मंडळाचीही. टिळकांच्या नावाच्या शाळेत शिकलेल्यांची नातवंडं आता तिथे प्रवेशासाठी रांगेत असतात.